खतीब सरांची दोन मिनिटं

सर गॅलरीत गेले आणि गंगव्वानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"एनंद्रु?" म्हणजे, काय म्हणाले?

"थांब की जरा. मलाच अजून कळलेलं नाही," मी कानडीत म्हटलं आणि दुसऱ्या बाजूला वळले. "जैबू, क्या बोले गे सर?"

"बोले, पेशंट के सामने कमर पे हात रख के खडे नै रहने का. उनमें बेअदबी समझते."

मी ते गंगव्वाला कानडीत सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, तेवढ्यात सर बोटाची तपकीर रुमालाला पुसत आत आले. वर्ग चिडीचूप झाला. सरांनी आमच्या सातजणींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि अरबीत काहीतरी विचारलं. गंगव्वा उठली, दोन्ही हात पोटाशी जुळवून नीट उभी राहिली. सर खूश झाले. मी मनातल्या मनात म्हटलं, हात तिचे जुळले, पण सांगितलं कुणी?

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मिरजेत सतार करणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर, खतीब सर नर्सेसना अरबी शिकवायचे. ते ओमानमधल्या एका दवाखान्यात अठरा वर्षं केसपेपर काढायच्या खिडकीवर होते. शिक्षक म्हणून त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता, पण आजारी माणूस त्या मुलखात काय बोलतो आणि कसा बोलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. खाली दिवसभर तारा पिळायचा आवाज चालायचा, ट्याँव ट्याँव. माझ्या डोक्यात जायचा तो.

पहिल्या दिवशी सर दखनीत म्हणाले होते, "आज बोल लेता हूँ. कल से मेरे मुँह से अरबी के सिवा कुछ निकला तो मेरा नाम बदल देना." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमची एकही भाषा तोंडात घेतली नाही. शब्द कळला नाही की ते अभिनय करायचे. ताप आलेला माणूस, चक्कर आलेली बाई, बाळंतपणाच्या कळा, सगळं. साठी उलटलेला तो माणूस खुर्चीत बसून बाळंत होताना आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो आहोत. आमच्यापैकी कुणी दुसऱ्या भाषेत बोललं की तिला तास संपेपर्यंत गॅलरीत उभं करायचे. खालची सगळी गल्ली वर बघायची. पंचवीस-तीस वर्षांच्या बायका आम्ही, ड्यूटीचे पांढरे कपडे घालून शाळकरी पोरींसारख्या उभ्या. मी तीनदा उभी राहिले आहे.

पण दर अर्ध्या तासानं सर स्वतःच गॅलरीत जायचे, पाठ करून उभे राहायचे आणि तपकीर ओढायचे. दोन मिनिटं. त्याला ते अरबीत 'राहा' म्हणायचे, म्हणजे विश्रांती. त्या दोन मिनिटांत वर्गात काय चालतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते तिकडं तोंड करून उभे राहायचे.

त्या दोन मिनिटांत आमची साखळी चालायची. जैबू, म्हणजे जैबुन्निसा मुजावर, मिरजेचीच. तिला लिपी लहानपणापासून वाचता यायची आणि उर्दूतले पुष्कळ शब्द अरबीत भेटायचे, त्यामुळे तिला निम्म्याहून जास्त कळायचं. ती ते मला दखनीत सांगायची. मी ते गंगव्वाला कानडीत सांगायचे. माझी आई जमखंडीकडची, त्यामुळे कानडी मला घरातच मिळालं. गंगव्वा, आडनाव हुक्केरी, इलकलची. मिरजेत येऊन तिला जेमतेम पाच महिने झाले होते. मराठीत तिला 'सलाईन संपलं' आणि 'सरका बाजूला' एवढंच यायचं, हिंदी त्याहून कमी. मी नसते तर ती त्या वर्गात भिंतीसारखी बसली असती. निदान मला तसं वाटायचं, आणि असं वाटणं मला फार आवडायचं. ती मला अक्का म्हणायची. मी तिला शिकवते, सांभाळते, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचे.

आता खरं सांगायचं तर मला त्या वर्गातून शिकण्यापेक्षा सुटायचंच जास्त होतं. मिरजेतून, दादाच्या घरातून, आणि तासगावच्या स्थळातून.

अठ्ठाविसावं सरत होतं मला. दादानं तासगावचे एक बिजवर बघून ठेवले होते. ते बघायला आले तेव्हा पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता दादाला म्हणाले, "नर्स आहेत हे फार बरं झालं. आईचं दोन वर्षं सगळं अंथरुणातच आहे." वहिनी आत येऊन मला म्हणाली, "माणूस सरळ आहे हो." सरळ होताच. त्याला बायको नको होती, नर्स हवी होती, आणि तसं त्यानं सरळ सांगितलं होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, "दादा, ओमानचं बघते आधी. ते झालं तर दोन वर्षं थांबता येईल." दादा म्हणाला, "ठीक. झालं तर जा. नाही झालं तर मग मी त्यांना होकार कळवतो." मी मान हलवली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वॉर्डात इंजेक्शन भरताना, भाजी निवडताना, आंघोळीच्या पाण्यात हात घालून बघताना माझ्या डोक्यात एकच चाललेलं, होईल का, नाही होणार.

आणि मग मुलाखतीच्या महिनाभर आधी सरांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा काढल्या. ओमानचा दवाखाना मिरजेतून दोघींना घेणार. मुलाखत पुण्यात.

दोघी. त्यातली एक जैबू, हे फळ्यालाही ठाऊक होतं. राहिली एक जागा. बाकीच्या चौघीजणी शब्दांची पाठांतरं करून यायच्या आणि सरांनी वाक्य जरा वाकवलं की गळपटायच्या. म्हणजे ती जागा एकतर माझी, नाहीतर गंगव्वाची.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तिचे उच्चार घशातून सरांसारखे यायचे. सर तिला प्रश्न विचारताना आता अभिनय करत नव्हते. हे मला दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ असा लावला की माझं भाषांतर फार चांगलं आहे.

शेवटचा तास गुरुवारी होता. त्या आठवड्यात सरांनी घरच्या माणसांचे शब्द शिकवले होते, आई, बाप, मुलगा, बायको. आदल्या दिवशी आम्ही जोड्या करून सराव केला तेव्हा गंगव्वा नर्स झाली होती आणि मी म्हातारा पेशंट. तिनं मला पहिलं काय विचारलं असेल तर "कैफ ज़ौजतक?" तुमची बायको कशी आहे? सर तेव्हा दुसऱ्या जोडीकडे होते, त्यांनी ऐकलं नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आम्ही सगळ्याच वॉर्डात तेच करत आलो होतो. म्हातारा पेशंट कुरकुर करायला लागला की "आजोबा, आजी बऱ्या आहेत ना? डबा त्यांनीच केला का?" असं विचारायचं. म्हातारा लगेच खुलतो आणि मुकाट गोळी घेतो.

गुरुवारी सर बाकावर उशी घेऊन आडवे झाले आणि जैबूला नर्स केलं. तिनं सलाम केला, तब्येत विचारली, मुलांचं विचारलं आणि मग म्हणाली, "कैफ ज़ौजतक?"

सर ताडकन उठून बसले. त्यांनी बोट हलवलं. मग त्यांनी अरबीत बरंच काही सांगितलं, सावकाश, दोनदा. रुमाल तोंडावरून ओढून दाखवला, हातानं 'नाही, नाही' केलं. मग हात गोल फिरवून सगळं घर दाखवलं आणि एक शब्द दोनदा म्हणाले, "अल-अहल." आणि गॅलरीत गेले.

जैबूचा चेहरा उतरला होता. "बोले, मर्द को उसकी जोरू का कब्बी नै पूछने का," ती मला म्हणाली. "उनमें भोत खराब लगता. घरवाले कैसे हैं, बस इत्ताच पूछने का. इंटरव्ह्यू में ये गलती हुई तो उठा देंगे बोले. अच्छा हुवा गे, आज हुई."

दंडाला चिमटा बसला.

"एनंद्रु, अक्का?"

मी ठरवून केलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण माझ्याकडे निदान एक मिनिट होतं, आणि एका मिनिटात पुष्कळ विचार करता येतो. मला तासगावचं ते अंथरूण दिसलं. मला गंगव्वाची वही दिसली, तिची पेन्सिल टेकवून तयार होती.

"सर म्हणाले, आवाज मोठा ठेवा," मी कानडीत म्हणाले. "तोंडातल्या तोंडात बोलू नका."

गंगव्वानं पेन्सिल टेकवली, पण लिहिलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग जैबूकडे बघितलं, जरा जास्त वेळ. "एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

सर आत आले. तास संपला. त्यांनी आम्हा प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, आता माझ्या डोक्यावरचा हात ते काढून घेतील. त्यांनी काही काढून घेतला नाही.

शनिवारी आम्ही तिघी एसटीनं पुण्याला निघालो. उतरायचं जैबूच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, कॅम्पात. बाकीच्या चौघी दुसरीकडे उतरणार होत्या. एसटीत गंगव्वा खिडकीशी बसली आणि कराडपर्यंत कुणाशी बोलली नाही. जैबूनं तिच्यापुढे संत्र्याच्या फोडी धरल्या, तिनं मान हलवून नको म्हटलं. खालाकडे तर कहर झाला. त्या बिचारीनं आमच्यासाठी खास गोडाचं केलं होतं. गंगव्वानं दोन घास खाल्ले आणि डोकं दुखतंय म्हणून खुणेनं सांगून कोपऱ्यात जाऊन पडली.

"ये मेरे पे काहे को खफा है गे?" जैबूनं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"खफा नाही, घाबरली आहे," मी म्हटलं.

"मेरी तरफ देखती बी नै. मैं क्या करी? तू पूछ ना उसको कानडी में."

"विचारते," मी म्हटलं आणि विचारलं नाही. काय विचारणार? माझ्या मनात दुसरीच भीती होती, की हिला कुठून तरी कळलं. पण कळलं असतं तर ती माझ्यावर रुसली असती, जैबूवर कशाला? त्या कोड्यानं मला झोप लागू दिली नाही.

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. खूप गावांच्या मुली होत्या. तीन-तीनजणींना आत बोलावत होते. यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे असल्यामुळे आमच्यात आधी गंगव्वा, मग मी, म्हणजे उज्ज्वला पाटोळे, आणि शेवटी झेड म्हणून जैबुन्निसा. तिघीही एकदम आत, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. समोर पांढऱ्या पायघोळ झग्यातले एक वयस्क डॉक्टर, हातात जपमाळ. शेजारी त्यांच्या मेट्रन बाई, पुढ्यात कागद. एका मुलीनं आम्हाला इंग्रजीत समजावलं की डॉक्टरसाहेब पेशंट आहेत, काल भरती झाले आहेत, तुम्ही सकाळच्या ड्यूटीला आला आहात, बोला त्यांच्याशी.

गंगव्वा उठली. तिनं सलाम केला. तब्येत विचारली, झोप विचारली. डॉक्टर बोलत होते, ती उत्तरं देत होती, सुरेख चाललं होतं, आणि मी खुर्चीच्या कडेला हात धरून एकाच वाक्याची वाट बघत होते. आता विचारेल. आता. इतकी वाट मी आयुष्यात कुठल्या चांगल्या गोष्टीची पाहिली नाही. तिचा आवाज मोठा होता, एकदा तर फारच मोठा झाला. मला वाटलं, माझीच सूचना पाळते आहे वेडी. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. त्यात 'ज़ौजतक' नाही एवढं फक्त ऐकलं. डॉक्टर हसले, मेट्रन बाईंनी काहीतरी लिहिलं, आणि ती परत येऊन बसली.

चूक झालीच नव्हती.

माझं नाव पुकारलं. मी उठले आणि सलाम केला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून एक लांब वाक्य टाकलं. त्यातला एकही शब्द मला ओळखीचा वाटला नाही. मी सवयीनं जैबूकडे वळून पाहिलं. तिनं खाली मान घातली. काय करणार ती? इथं गॅलरी नव्हती आणि दोन मिनिटंही नव्हती. तेव्हा, त्या हॉलच्या मधोमध, मला कळलं की चार महिन्यांत मी सरांचं अरबी कधी ऐकलंच नव्हतं. मी जैबूची दखनी ऐकत होते. सर बोलायला लागले की मी दोन मिनिटांची वाट बघत बसायचे.

डॉक्टरांनी वाक्य परत म्हटलं, हळू. 'कैफ हालक', म्हणजे कसे आहात, एवढं मला येत होतं, ते मी म्हटलं. मुलांचं विचारलं. ते पोटावर हात ठेवून काही सांगत होते, मी मान हलवत होते. पुढं काय? वॉर्डात मी काय केलं असतं? माझ्या तोंडातून आपसूक बाहेर पडलं, "कैफ ज़ौजतक?"

जपमाळ थांबली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त माझ्यावरची नजर काढून खिडकीकडे नेली. मेट्रन बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "शुक्रन." म्हणजे, आभार. ते मला कळलं.

गंगव्वाला मी जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, कमरेवर हात नको, डाव्या हातानं पाणी नको, सगळं. हे एकच मी तिला सांगितलं नव्हतं. ते मी तोंडातून कधी काढलंच नाही, म्हणून ते माझ्याही हाती लागलं नाही.

दुपारी नावं वाचून दाखवली. मिरजेतून गंगव्वा हुक्केरी आणि जैबुन्निसा मुजावर.

आम्ही हॉलबाहेरच्या लांब बाकावर बसलो होतो. मधे मी, एका बाजूला जैबू, दुसरीकडे गंगव्वा. वर्गात बसायचो तशाच. मला रडू येत होतं, पण ते रडू कशाचं हे विचारायची सोय नव्हती, म्हणून मी ते गिळत होते. जैबूनं माझा हात धरून ठेवला होता.

गंगव्वा माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात कानडीत म्हणाली, "अक्का, बायकोचं नव्हतं विचारायचं. सरांनी गुरुवारी सांगितलं होतं. घरच्यांचं विचारायचं. अल-अहल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"सर बोलले ना. रुमाल तोंडावर ओढून दाखवला. मला आता कळतं सरांचं. दोन महिने झाले."

"मग मला का विचारत होतीस, काय म्हणाले म्हणून?"

ती जरा लाजली. "तुला आवडायचं सांगायला. विचारलं नसतं तर तुला वाईट वाटलं असतं."

ती पुढं बोलत होती. "तू म्हणालीस, आवाज मोठा ठेवा. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. शुक्रवारी मी सरांच्या घरी जाऊन विचारून आले, अरबीतच. माझं बरोबर होतं. म्हणजे हिनं तुला खोटं सांगितलं." तिनं जैबूकडे हनुवटी केली. "पण आपण हिच्याच नातलगांकडे उतरलो होतो. तुला सांगितलं असतं तर तू लगेच हिला जाब विचारला असतास. तिथं जेवायचं आणि तिथंच भांडण काढायचं, बरं नव्हे. मी म्हटलं, माझा नंबर तुझ्या आधी आहे. मी आत ते वाक्य दोनदा म्हणाले, अक्का. मोठ्यानं. म्हटलं, तू ऐकशील."

माझा हात अजून जैबूच्याच हातात होता.

"हिच्याबरोबर मला दोन वर्षं एका खोलीत राहायचंय," गंगव्वा म्हणाली. "असल्या बाईबरोबर."

"क्या बोलरी गे ये?" जैबूनं मला विचारलं. "मेरा नाम लेरी ना? अब तो बोल."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी काहीही सांगू शकत होते. 'तुझं अभिनंदन करते आहे' म्हटलं असतं तर जैबूनं विश्वास ठेवला असता. 'हो, हिनंच मला चुकीचं सांगितलं' म्हटलं असतं तर गंगव्वानं ते ओमानपर्यंत नेलं असतं. माझ्याशिवाय त्यांच्यात पूल नव्हता, आणि मी उद्या त्यांच्यात असणारही नव्हते. कुणाला कधीच कळलं नसतं.

"ये बोलती, तू मेरेकू झूठ बोली," मी जैबूला म्हणाले. "वो जोरूवाली बात तू मेरेकू बोली नै, ऐसा समझती ये. इसीलिए खफा है."

"मैं बोली ना तेरेकू! साफ बोली."

"तू बोली. मैं इसकू नै बोली. जान-बूझ के. एकच जागा होती, म्हणून." शेवटचं मराठीत निघून गेलं, पण जैबूला मराठी येतच होतं.

तिनं माझा हात सोडला.

मग मी गंगव्वाकडे वळले आणि तेच सगळं कानडीत सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. जैबू काय म्हणाली, मी काय ऐकलं, तिच्या पेन्सिलकडे बघत मी काय विचार केला. तासगावसुद्धा सांगितलं, पण ते सांगताना माझं मलाच कळलं की त्यानं काही हलकं होत नाही. गंगव्वा मधे एकदाही 'एनंद्रु' म्हणाली नाही. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

ती उठली. माझ्या पुढून गेली आणि जैबूच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"आसिफा," ती जैबूला म्हणाली. म्हणजे, माफ कर. पुढं तिनं अरबीतच काही म्हटलं, अडखळत, संत्र्यांचं आणि खालाच्या जेवणाचं असावं, कारण तिनं तोंडाशी घास नेल्याची खूण केली. जैबूनं डोळे पुसले आणि तिला अरबीतच उत्तर दिलं. मग तिनं काहीतरी विचारलं, गंगव्वानं सांगितलं. दोघी सावकाश बोलत होत्या, शब्द शोधत, एकमेकींना शब्द पुरवत. मी बाकाच्या टोकाला बसून ऐकत होते. मला निम्मंच कळत होतं. उरलेलं सांगायला माझ्या बाजूला कुणी नव्हतं.

परतीच्या एसटीत त्या दोघी एका बाकावर बसल्या. मी मागं. मला बसायला जागा मिळाली यातच मी समाधान मानलं.

घरी पोचले तेव्हा वहिनी दिवेलागणीला लागली होती आणि दादा सोप्यात पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"काय झालं?"

"नाही झालं. गंगव्वाचं झालं. तिचंच व्हायला हवं होतं."

"असू दे. मनाला लावून घेऊ नकोस." त्यानं पेपर घडी केला. खरंच मायेनं म्हणाला तो. "मी उद्याच तासगावला कळवतो."

मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. पुण्यापासून मिरजेपर्यंत मी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. पुढच्या वर्षी परत मुलाखत आहे, दवाखान्यात रजा मिळत नाही, माझी तब्येत बरी नसते. त्यातलं एकही मला धड म्हणता येईना.

"कळवू नको, दादा," मी म्हणाले. "मला तिथं लग्न करायचं नाही. ओमान झालं असतं तरी करायचं नव्हतं. मी तुला ते सांगितलं नव्हतं."

वहिनी आतून दारापर्यंत आली. दादानं चष्मा काढला. त्याला नीट ऐकू गेलं होतं, तरी त्यानं विचारलं, "काय म्हणालीस?"

मी परत सांगितलं.